पंप पाणी ओढत नाही : सक्शनचा जमाखर्च
(ऊस उत्पादक सभासदांसाठी पाठ)



चैत्र-वैशाख लागला की अड्याळ-पवनी पट्ट्यातल्या उसाच्या मळ्यांतून एकच तक्रार ऐकू येते. "मोटार तर चालू आहे भाऊ, पण पाणीच फेकत नाही!" पौषात हाच पंप पाईप भरून पाणी देत होता. तीच मोटार, तीच वीज, तीच विहीर. मग बिघडले काय? मिस्त्री येतो, ग्लँडची दोरी बदलतो. पाणी तरी वाढत नाही. शेवटी कोणीतरी सल्ला देतो की पाचची मोटार काढून साडेसातची बसवा. सोसायटीचे कर्ज निघते, नवा पंप येतो, आणि पुष्कळदा असे होते की नवा पंप जुन्यापेक्षाही कमी पाणी देतो.

यात नशिबाचा काही भाग नाही. हा साध्या बेरीज-वजाबाकीचा प्रश्न आहे. ज्याला घरखर्चाचा मेळ घालता येतो त्याला हा हिशेब येईल. आजच्या पाठात तोच शिकायचा आहे. पाठाचे सार आधीच सांगून ठेवतो : पाणी कमी आले की अश्वशक्ती वाढवू नका, आधी सक्शन पाहा.

१. पाणी वर कोण चढवते?

आपण सहज म्हणतो, पंप पाणी ओढतो. पण पाणी म्हणजे काही दोरी नव्हे, की वरून धरले आणि ओढून घेतले. पंपाचा पंखा फिरतो तेव्हा तो आपल्यातले पाणी बाहेर फेकतो. त्यामुळे त्याच्या तोंडाशी दाब कमी होतो. इकडे विहिरीतल्या पाण्यावर बाहेरच्या हवेचा भार असतोच. तो भार पाण्याला पाईपमधून वर ढकलतो. म्हणजे सक्शन पाईपमध्ये पाणी चढवण्याचे काम हवा करते. पंप फक्त जागा मोकळी करून देतो.

ही गोष्ट माणसाला उशिरा समजली. इटलीतील गॅलिलिओने १६३८ साली छापलेल्या ग्रंथात असे नमूद केले की ओढणारा पंप अठरा हातांच्या वर पाणी चढवू शकत नाही, मग पंप कितीही चांगला असो. त्याचे कारण पुढे त्याचाच शिष्य टॉरिचेली याने दाखवले. १६४३-४४ च्या सुमारास काचेच्या नळीत पारा भरून त्याने सिद्ध केले की हवेला वजन आहे, आणि ते सुमारे ७६ सेंटिमीटर पारा तोलून धरते. पारा पाण्याच्या साडेतेरा पटीहून थोडा जड. तेव्हा तेवढीच हवा पाण्याचा स्तंभ तोलते सुमारे १०.३ मीटर, म्हणजे जवळजवळ ३४ फूट. त्याहून एक वीतभरही जास्त नाही. मोटार पाचची असो की पन्नासची.

१६४८ साली फ्रान्समध्ये पास्कलच्या सांगण्यावरून त्याच्या मेहुण्याने पाऱ्याची नळी डोंगरावर नेली. वर गेल्यावर पारा उतरला. उंचीवर हवेचा थर पातळ, म्हणून तिचा भारही कमी.

२. आपल्या भागाची जमा

आता आपल्या गावाकडे येऊ. गोसीखुर्द धरणाची पूर्ण संचय पातळी समुद्रसपाटीपासून २४५.५ मीटर आहे. अड्याळचा परिसर त्याच्या आसपासच, थोडा वर. अडीचशे मीटर उंचीवर हवेचा भार पाण्याच्या सुमारे १० मीटर स्तंभाइतका भरतो. कोल्हापूरला तो साडेनऊ मीटरच्या थोडा वर, तर महाबळेश्वरला जेमतेम पावणेनऊ मीटर. या बाबतीत आपण सुदैवी आहोत.

तेव्हा वहीच्या जमेच्या बाजूला लिहा : १० मीटर. ही रक्कम निसर्गाने दिलेली आहे. तीत वाढ नाही, व्याज नाही आणि उधारी तर नाहीच. सक्शनच्या बाजूचा सगळा खर्च यातूनच भागवायचा.

३. खर्चाच्या पाच बाबी

पहिली बाब, उंची. पाण्याच्या पातळीपासून पंपाच्या मध्यापर्यंतचे उभे अंतर. हे अंतर पाणी सर्वांत खाली गेलेले असताना मोजायचे, तेही पंप दोन तास चालवल्यानंतर. कारण उपसा सुरू झाला की विहिरीची पातळी खाली बसते. पावसाळ्यात मोजलेले अंतर वैशाखात कामाला येत नाही.

दुसरी बाब, घर्षण. पाईप, बेंड, फुटव्हॉल्व्ह आणि त्याची जाळी यांतून पाणी घासत येते, त्यात दाब खर्च होतो. पाईप बारीक केला की हा खर्च थोडा वाढत नाही, एकदम उसळतो. पाणी दीडपट नेले तर खर्च दुपटीच्या वर जातो.

तिसरी बाब, वाफ. पाणी थंड असले तरी त्याची वाफ होण्याची ओढ असतेच. दाब फार कमी झाला की पाणी उकळत न ठेवताही उकळते. ३० अंश सेल्सियसच्या पाण्यासाठी यापोटी ०.४ मीटर धरावे. पाणी तापलेले असेल तर ही रक्कम फार वाढते, ते पुढे कारखान्याच्या भागात पाहू.

चौथी बाब, पंपाची स्वतःची गरज. पाणी पंख्यात शिरताना वळते, वेग घेते, त्यात दाब आणखी उतरतो. म्हणून पंपाच्या तोंडाशी काही दाब शिल्लक असावाच लागतो. याला कंपनीच्या तक्त्यात एन.पी.एस.एच. म्हणतात. इंजिनियर लोक पंपाला लागणारी एन.पी.एस.एच. आणि आपल्या जागेवर मिळणारी एन.पी.एस.एच. असे दोन आकडे करतात. मिळणारी ही लागणारीपेक्षा जास्त असली पाहिजे, एवढाच सगळा नियम. लहान शेतीपंपाला साधारण अडीच ते साडेतीन मीटर लागतात. नेमका आकडा त्या त्या पंपाच्या तक्त्यात पाहावा.

पाचवी बाब, राखीव. जाळीत शेवाळ अडकते, पाईप जुना होतो, वर्ष दुष्काळी निघते. निदान अर्धा मीटर हाताशी ठेवावा.

४. प्रत्यक्ष हिशेब

समजा, आपला पाच अश्वशक्तीचा पंप सेकंदाला १० लिटर पाणी देतो. सक्शन पाईप १२ मीटर लांब आहे, त्याला एक बेंड, एक फुटव्हॉल्व्ह. पंपाची गरज ३ मीटर.

जमा १० मीटर. त्यातून वाफेचे ०.४, पंपाचे ३ आणि राखीव ०.५ काढले. शिल्लक ६.१ मीटर. यातून घर्षणाचा खर्च वजा केला की जे उरेल तेवढ्याच उंचीवर पंप बसवता येईल.

चार इंची पाईप असेल तर घर्षण सुमारे ०.७ मीटर. उरले ५.४ मीटर, म्हणजे साडेसतरा फूट.

तीन इंची पाईप असेल तर घर्षण सुमारे १.८ मीटर. उरले ४.३ मीटर, म्हणजे चौदा फूट.

अडीच इंची पाईप असेल तर घर्षण सुमारे ४.५ मीटर. उरले १.६ मीटर, म्हणजे पाच फूट!

पंप तोच, विहीर तीच. पाईपाच्या दीड इंचाच्या फरकाने साडेबारा फुटांचा फरक पडला. पाईप घेताना दुकानात वाचवलेले पैसे वैशाखात उसाच्या वाळलेल्या पाल्यातून वसूल होतात, हे ध्यानात ठेवावे.

आता पौषातला पंप वैशाखात का रुसतो ते उघड झाले. पौषात पाणी दहा फुटांवर होते, तीन इंची पाईपवर चौदा फुटांची सोय होती, काम भागले. वैशाखात पाणी अठरा फुटांवर गेले. चार फुटांची तूट आली. ही तूट मोटार भरून काढू शकत नाही, कारण ढकलणारी हवा तेवढीच आहे.

५. मोठी मोटार उलट का बाधते?

त्याच विहिरीवर, त्याच तीन इंची पाईपवर साडेसातचा पंप बसवला असे धरा. तो सेकंदाला १४ लिटर मागतो. घर्षण जवळजवळ दुप्पट झाले, १.८ चे ३.५ मीटर. मोठ्या प्रवाहामुळे पंपाची स्वतःची गरजही वाढली, ती ४ मीटर धरू. आता १० मधून ०.४, ३.५, ४ आणि ०.५ वजा करा. उरले १.६ मीटर. आधी चौदा फुटांवरून चालणारे काम आता पाच फुटांवर आले. खर्च करून आपण आपलीच सोय कमी केली.

अशीच दुसरी चूक म्हणजे गरजेपेक्षा जास्त हेडचा पंप घेणे. "शंभर फुटांचा घेऊ, कधीतरी कामी येईल" असे म्हणून घेतलेला पंप चाळीस फुटांच्या कामावर लावला, की पुढे अडवणारे कोणी नसल्याने तो वाजवीपेक्षा जास्त पाणी फेकू पाहतो. सक्शनचा खर्च वाढतो, मोटार जास्त अँपियर ओढते आणि गरम होते. असा पंप गळ्यात पडलाच असेल तर डिलिव्हरीचा व्हॉल्व्ह थोडा आवळून चालवावा. सक्शनच्या बाजूचा व्हॉल्व्ह मात्र कधीही आवळू नये.

हे सगळे कशासाठी? एक एकर उसाला तीन इंच खोलीचे पाणी द्यायचे तर सुमारे तीन लाख लिटर लागतात. सेकंदाला १० लिटरच्या पंपाला त्यासाठी साडेआठ तास पुरतात. सक्शन बिघडून पाणी ६ लिटरवर आले तर तेच काम चौदा तासांचे होते. ज्या फिडरला आठ तासच वीज मिळते तेथे एकराची पाळी दोन दिवसांवर गेली. आठ-दहा दिवसांनी फिरून येणारी पाळी पंधरा-सोळा दिवसांवर लांबते, आणि शेवटच्या सऱ्या कोरड्या राहतात. गाळपाच्या वेळी वजनकाट्यावर जे कमी भरते त्याची सुरुवात अशी फुटव्हॉल्व्हपाशी झालेली असते.

६. पंपात खडे वाजतात तेव्हा

खर्च जमेपेक्षा वाढला की पंख्याच्या तोंडाशी पाण्याचे बुडबुडे होतात. हे हवेचे नसतात, पाण्याच्याच वाफेचे असतात. पंख्यात पुढे दाब वाढताच ते फटाफट फुटतात. पंपात कोणी खडे टाकून घोळवतो आहे असा आवाज येतो. प्रत्येक फुटणारा बुडबुडा पंख्याच्या धातूवर बारीक घण मारतो. एका हंगामात पंखा देवीचे व्रण पडल्यासारखा खड्ड्याखड्ड्यांचा होतो. मिस्त्री म्हणतो, बीड हलके होते. बीड हलके नसेलही, सक्शन जड झालेले असेल. याला कॅव्हिटेशन म्हणतात.

'पंप हवा धरतो' म्हणतात तो रोग वेगळा. तेथे बाहेरची हवा सांध्यातून, चिरेतून किंवा ग्लँडमधून आत येते. दोहोंचे औषध निराळे, म्हणून ओळख पटली पाहिजे.

हवा शिरत असेल तर पाणी दुधासारखे पांढरट, फसफसते येते. धार तुटत तुटत पडते. पंप बंद केल्यावर पाईप रिकामा होतो आणि दर वेळी पंप पाण्याने भरून घ्यावा लागतो. पंप चालू असताना सांध्यांवर साबणाचे दाट पाणी सोडावे. जेथे ते आत ओढले जाईल तेथे चीर आहे.

कॅव्हिटेशन असेल तर खड्यांचा आवाज येतो, पंप थरथरतो. डिलिव्हरीचा व्हॉल्व्ह थोडा आवळला की आवाज कमी होतो, कारण प्रवाह कमी झाल्याने खर्चही कमी झाला.

फक्त जाळी तुंबली असेल तरी हीच लक्षणे दिसतात. म्हणून मोठा खर्च करण्यापूर्वी फुटव्हॉल्व्ह वर काढून पाहावा. अर्ध्या तक्रारी तेथेच मिटण्यासारख्या असतात.

पक्की परीक्षा करायची तर पंपाच्या सक्शनच्या तोंडाशी व्हॅक्यूम गेज लावावा. गेजचे दर १०० मिलिमीटर म्हणजे पाण्याचे १.३६ मीटर. समजा पाणी प्रत्यक्षात साडेतीन मीटर खाली आहे आणि गेज ४८० दाखवतो. ४८० चे झाले साडेसहा मीटर. म्हणजे तीन मीटर पाईप-जाळीनेच खाल्ले. पाईप बारीक आहे किंवा जाळी तुंबली आहे. उलट गेज कमी दाखवत असेल आणि पाणीही कमी असेल, तर हवा शिरते आहे किंवा पंखा झिजला आहे.

७. आपल्या साखर कारखान्यातही हाच नियम

साखर कारखाना पाहायला गेल्यावर सभासद हमखास विचारतात, एवढी अवजड भांडी इतक्या उंच का चढवली? त्याचे उत्तर वरच्या हिशेबात आहे.

बॉयलरला पाणी पुरवणारा पंप घ्या. ते पाणी तापवलेले असते. पाणी ९० अंशांचे असेल तर वाफेच्या बाबीखाली ०.४ ऐवजी ७ मीटरच्या वर रक्कम लागते. दहातून सात गेले, तीन उरले. पंपाची स्वतःची गरजही त्यात भागत नाही. ९९ अंशांच्या वर तर आपल्या भागात पाणी उकळतेच, शिल्लक शून्य. असले पाणी खालून वर चढवताच येत नाही. म्हणून पाण्याची टाकी उंचावर ठेवतात आणि पंप खाली. टाकीची उंची ही जमेत घातलेली ज्यादा रक्कम होय. तापलेल्या निवळ रसाच्या पंपाचेही तसेच.

इव्हॅपोरेटरच्या शेवटच्या बॉडीत रस कमी उष्णतेवर आटावा म्हणून निर्वात केलेला असतो, साधारण पंचवीस-सव्वीस इंच पारा. म्हणजे तेथे ढकलणारी हवाच जवळजवळ काढून घेतली आहे! जमेची बाजूच बुडाली. तरी पाक बाहेर काढायचा आहे. तेव्हा बॉडी वरच्या मजल्यावर आणि पाकाचा पंप तळमजल्यावर. पाक आपल्याच वजनाने पंपापर्यंत उतरतो.

कंडेन्सर तर सगळ्यांत उंच. त्याच्या खालून एक लांब उभा पाईप खड्ड्यातल्या पाण्यात बुडवलेला असतो. हा पाईप चौतीस फुटांपेक्षा लांब ठेवतात. बाहेरची हवा खड्ड्यातले पाणी पाईपमधून चौतीस फुटांच्या वर चढवू शकत नाही. म्हणून पंपाशिवायच पाणी खाली पडत राहते आणि वरचा निर्वातही मोडत नाही. साडेतीनशे-चारशे वर्षांपूर्वी जी मर्यादा पंप करणाऱ्यांना अडचण वाटली, तिचाच येथे उपयोग करून घेतला आहे.

मळीची गोष्ट आणखी निराळी. ती चिकट, तिचे घर्षण मोठे. पंख्याचा वेगवान पंप तेथे चालत नाही. तेथे दातेरी चाकांचा, सावकाश फिरणारा पंप, आखूड आणि रुंद पाईप, आणि टाकीच्या अगदी जवळची जागा निवडतात.

या तिन्ही ठिकाणी पंप निवडणारा आधी पंपाच्या पुढे किती उंची आहे हे विचारत नाही. तो विचारतो, पंपाच्या मागे काय आहे? आपणही हेच विचारावे.

८. जुन्यांची रीत

आपल्या पूर्वजांना हा प्रश्नच नव्हता. भंडारा-चांदा भागात कोहळी समाजाने तलाव बांधले आणि त्यांच्या खाली ऊस पिकवला. आज गोंदिया जिल्ह्यात असलेला नवेगावबांधचा तलाव कोलू पाटील कोहळी यांनी बांधल्याचे सांगतात. तलाव वर, बांधी खाली. पाळीतले तुडूम उघडले की पाणी आपल्या वजनाने पाटात उतरते. पंपाला तोंडाशी भरलेले पाणी मिळणे याला इंजिनियर उत्तम मांडणी मानतात. तुडमाचे तत्त्व तेच आहे.

पुढे किर्लोस्करवाडीत १९२६ च्या सुमारास केंद्रोत्सारी पंप बनू लागले, मग गावोगाव वीज आली, आणि खालचे पाणी वरच्या शेतात नेणे साध्य झाले. सोय मोठी झाली, पण पाणी खाली आणि पंप वर अशी उलटी मांडणी आली. म्हणून हिशेब करणे आले.

ज्यांच्याकडे तलावाच्या किंवा बोडीच्या पाळीखाली पंप बसवण्याची जागा आहे त्यांनी ती संधी सोडू नये. संबंधित खात्याची किंवा संस्थेची परवानगी मात्र आधी घ्यावी, आणि पाळ फोडून पाईप घालण्याचे धाडस कोणी करू नये.

९. पंप निवडताना

(अ) उन्हाळ्यातली पातळी पंधरा फुटांच्या आत असेल तर काठावरचा साधा मोनोब्लॉक पंप चालतो. चार इंची सक्शन पाईप घ्यावा.

(आ) पातळी त्याखाली जात असेल तर पंप विहिरीत पायरीवर किंवा चौकटीवर खाली उतरवावा. डिलिव्हरीची बाजू लांब असली तरी पंपाच्या हेडच्या मर्यादेत मोटार ढकलू शकते. सक्शनची बाजू आखूड करणे आपल्या हाती आहे. डिझेल इंजिन मात्र विहिरीत कधीही उतरवू नये. त्याच्या धुरातला विषारी वायू विहिरीत साचतो आणि खाली उतरणारा माणूस शुद्ध हरपून दगावतो.

(इ) वैनगंगेच्या काठी किंवा धरणाच्या फुगवट्यावर पातळी मीटरच्या मीटर वरखाली होते. ऑगस्ट २०२० च्या पुरात पाणी कोठवर आले ते सर्वांनी पाहिले आहे. पंप खाली ठेवावा तर पुरात बुडतो, वर ठेवावा तर उन्हाळ्यात कोरडा. अशा जागी मृगापूर्वी काढता येईल अशी फ्लँजची जोडणी आणि साखळी-कप्पीची सोय करावी, नाही तर पाण्यात बुडून चालणारा सबमर्सिबल पंप घ्यावा.

(ई) सबमर्सिबल पंप घेतला म्हणजे हिशेब सुटला असे नाही. त्याच्यावरही पुरेसे पाणी उभे राहिले पाहिजे, नाही तर तोही हवा घेतो आणि मोटार जळते. कंपनीने सांगितलेली बुडीत खोली पाळावी.

(उ) एकाच कामाचे दोन पंप समोर असतील तर ज्याची एन.पी.एस.एच.ची गरज कमी तो घ्यावा. सावकाश फिरणाऱ्या पंपाची गरज सामान्यतः कमी असते, मात्र तो आकाराने मोठा आणि किमतीला जास्त असतो.

(ऊ) सौर पंपासाठी अर्ज करतानाही पृष्ठभागावरचा की पाण्यातला, हे याच हिशेबाने ठरवावे. शेजाऱ्याने घेतला म्हणून तोच घेऊ नये. शेजाऱ्याची विहीर निराळी असते.

१०. जोडणी करताना

सक्शन पाईप पंपाच्या तोंडापेक्षा एक माप मोठा घ्यावा. जोडताना रिड्यूसर सपाट बाजू वर ठेवून बसवावा, म्हणजे वर हवेचा खिसा राहत नाही.

पाईप फुटव्हॉल्व्हपासून पंपाकडे सतत चढता असावा. मध्ये उंटाच्या पाठीसारखा उंचवटा आला की तेथे हवा साठते.

पंपाच्या तोंडाला लागून एल्बो बसवू नये. आधी निदान पाच-सहा व्यासांइतका सरळ पाईप असावा. चार इंची पाईपला दोन फूट.

फुटव्हॉल्व्ह पाण्याखाली निदान दोन-अडीच फूट राहावा, नाही तर भोवरा होऊन हवा जाते. तळापासून एक फूट वर असावा, नाही तर गाळ येतो. जाळीच्या छिद्रांचे एकूण क्षेत्र पाईपच्या तिप्पट-चौपट असावे.

पंप कोरडा फिरवू नये. पाण्याने पूर्ण भरून, हवा काढून मगच बटण दाबावे.

स्वाध्याय

मुलांना घेऊन हे गणित सोडवावे. सभासदाच्या विहिरीत उन्हाळ्यात पाणी पंपापासून ६ मीटर खाली जाते. पाईप चार इंची, घर्षण ०.७ मीटर. पंपाची गरज ३ मीटर, वाफ ०.४, राखीव ०.५. पंप चालेल काय? नसल्यास किती खाली उतरवावा?

उत्तर : खर्चाची बेरीज १०.६ मीटर, जमा १० मीटर. तूट ०.६ मीटर. पंप निदान दोन फूट खाली उतरवावा. नवी मोटार घेण्याची गरज नाही.

शेवटी एक विनंती. पंपाच्या खरेदीला निघण्यापूर्वी पाच आकडे कागदावर लिहून न्यावेत : उन्हाळ्यातली चालत्या पंपाची पातळी, सक्शन पाईपची लांबी आणि व्यास, डिलिव्हरीची उंची, पाईपलाईनची लांबी, आणि सेकंदाला किती लिटर पाणी हवे ते. दुकानदाराकडे त्या पंपाचा तक्ता मागावा आणि एन.पी.एस.एच.चा आकडा विचारावा. ज्या दुकानात तो आकडा सांगता येत नाही तेथे घाई करू नये. वैशाख अजून दूर असताना, या आठवड्यातच, दोरीला दगड बांधून आपल्या विहिरीची पातळी मोजावी आणि वहीत तारीख टाकून लिहून ठेवावी.